पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"मी डिचोलीचा. माझी २०१८ची डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिनची. पहाटे मालीम जेटीवर मासळी भरतो, चोर्ला घाटाने बेळगावला पोचवतो आणि येताना भाजी आणतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी घराकडे उभी होती. ऑगस्टपासून त्रास सुरू झालाय. सकाळी पहिला सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. केरी सोडून घाट चढायला लागलं की थोड्या वेळाने गाडी लोड घेत नाही. पाय तळाला टेकला तरी रेंगाळते. धूर अजिबात नाही. बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की लगेच चालू होते, नीट चढते, पुढे परत तेच. त्यात आता नवीन: खड्ड्यात चाक आदळलं आणि अ‍ॅक्सिलेटर मेला. इंजिन चालू, पण पायाला काही प्रतिसादच नाही, पिवळा दिवा पेटलेला. चावी बंद करून परत चालू केली तर सगळं ठीक. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, रेल प्रेशर कमीचा कोड दाखवला आणि हाय प्रेशर पंप गेला म्हणाला. खर्च साठ हजारांच्या घरात. चवथ तोंडावर आहे. टाकू का पंप?"

नाही. अजून तरी नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे बिघाड आहेत आणि गॅरेजने त्यांचा एक करून तो सगळ्यात महागड्या पार्टच्या नावावर टाकलाय. घाटातलं रेंगाळणं हा डिझेल कमी पोचण्याचा प्रकार आहे. खड्ड्यात आदळल्यावर अ‍ॅक्सिलेटर मरणं ही वायरिंगची किंवा पेडलच्या सेन्सरची भानगड आहे. पंप बदलून दुसरी तक्रार जाणार नाही हे तर नक्कीच. पहिलीही जाईल असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

पत्र तुम्ही फार चांगलं लिहिलंय. "धूर अजिबात नाही" हे तीन शब्द स्कॅनरच्या कागदाइतके मोलाचे आहेत. डिझेल इंजिनात हवा कमी पडली, म्हणजे टर्बोचा होज फाटला, इंटरकूलरचा क्लॅम्प सुटला, एअर फिल्टर चोंदला किंवा इनटेकची झडप काजळीने अडकली, तर साधारणपणे मागून काळा धूर येतो, कारण डिझेल भरपूर आणि ते जाळायला हवा नाही. तुमच्याकडे ओढही नाही आणि धूरही नाही. म्हणजे सिलिंडरात मुळात डिझेलच कमी जातंय. टर्बोकडे बोट दाखवणारा कोणी भेटला तर त्याला हे सांगा.

आता डिझेल कमी जाण्याची कारणं दोन बाजूंना आहेत. एक तर पंप आणि त्याच्या पुढचं: रेल, म्हणजे पंपाने दाबलेलं डिझेल साठवणारी जाड नळी, आणि ते सिलिंडरात फवारणारे इंजेक्टर. नाहीतर पंपाच्या मागचं: टाकी, गाळणी, पाइप, फिल्टर. कोणती बाजू, याचा अंदाजही तुमच्याच पत्रात आहे. झिजलेला पंप किंवा गळके इंजेक्टर गरम झाल्यावर जास्त त्रास देतात, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजेच्या फटीतून जास्त निसटतं. असा पंप असलेली गाडी सकाळी बऱ्यापैकी चालू होते आणि घाटात बंद केली की पुन्हा चालू व्हायला रडवते. तुमचं नेमकं उलटं आहे. गरम इंजिन लगेच चालू होतं आणि रात्रभर उभी राहिल्यावर सेल्फ खातं. म्हणजे रात्री पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. ही हवा कुठून तरी आत शिरत असणार.

बऱ्याच गाड्यांत डिझेल ओढायचं काम हाय प्रेशर पंपाच्या पाठीला बसवलेला छोटा गिअर पंप करतो. टाकीपासून तिथपर्यंतचा सगळा पाइप ओढीखाली असतो. शहाळ्याच्या स्ट्रॉला बारीक चीर असली की पाणी बाहेर गळत नाही, पण ओढताना तोंडात हवाच येते. तसंच हे. ओढीच्या बाजूला पाइपाला चीर असो, नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबलेला असो की फिल्टरच्या झाकणाचा रबरी ओ-रिंग सुकलेला असो, खाली डिझेलचा थेंब दिसणार नाही. मेकॅनिक वाकून बघतो आणि 'लीकेज नाही' म्हणतो. डोळ्यांना दिसतं त्यापुरतं ते बरोबरच असतं.

काही गाड्यांत मात्र टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तुमच्या गाडीत कोणता, हे पत्रात नाही. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा आणि टाकीजवळ कान लावा. दोन-चार सेकंद घुरघुर आली तर इलेक्ट्रिक. तसा असेल तर त्याचा फ्यूज, रिले आणि टाकीवरचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, आधी बघायचा. कपलरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजायचं. बॅटरीवर जेवढं येतं त्याच्या जवळपास तिथे यायला हवं. एक-दीड व्होल्टने कमी असेल तर दोष पंपाचा नसून वायरीचा किंवा अर्थिंगचा. तुमच्या बाबतीत या कपलरवर माझा विशेष संशय आहे, त्याबद्दल पुढे.

ऑगस्टातच का सुरू झालं? १ जून ते ३१ जुलै तुमची गाडी उभी होती. टाकी किती भरलेली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण हातात धंदा नसताना कोणी टाकी फुल करून गाडी लावत नाही. पावसाळ्यात टाकीच्या रिकाम्या भागातली हवा दमट असते. रात्री पत्रा थंड झाला की तिचं पाणी होऊन आत उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम, त्यामुळे पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साय धरते. पत्र्याच्या टाकीत त्यात गंजाची भर. दोन महिने हे सगळं शांत पडून होतं. १ ऑगस्टला बंदी उठली, गाडी घाटाला लागली, टाकी घुसळली गेली आणि ती साय जाऊन टाकीतल्या गाळणीला चिकटली. सपाटीला इंजिनाला डिझेल कमी लागतं, ते चोंदलेल्या गाळणीतूनही भागतं. अंजुणे धरण मागे पडून खरा चढ लागला, लोड आला, की मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. बंद केल्यावर ओढ थांबते, साय गाळणीवरून सुटून खाली पडते, आणि तुम्ही म्हणता गाडी थंड झाली म्हणून चढली. थंड होण्याचा त्यात काही संबंध नाही.

हा माझा अंदाज झाला. त्याची खात्री करायला फार खर्च नाही.

सगळ्यात आधी टाकीचं झाकण. पुढच्या वेळी घाटात दम टाकेल तेव्हा कडेला सुरक्षित जागा बघून उभे राहा आणि पंधरा मिनिटं न थांबता फक्त झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि लगेच गाडी नीट चढली, तर टाकीचा श्वास घ्यायचा मार्ग बंद झालाय. झाकणातलं भोक किंवा व्हेंटचा पाइप मातीने, कुंभारीण माशीच्या घराने बंद झालेला मी पाहिलाय. दोन महिने उभ्या गाडीत कुंभारीण घर करणारच. असं निघालं तर काम तिथेच संपलं. सुस्कारा आला नाही तरी चाचणी वाया गेली नाही, एक संशयित कमी झाला.

मग फिल्टर. त्याच्या बुडाला पाणी काढायचा स्क्रू असतो. रात्रभर गाडी उभी राहू द्या, सकाळी चालू करण्याआधी स्क्रू सैल करून पारदर्शक काचेच्या बाटलीत पेलाभर काढा आणि पंधरा-वीस मिनिटं बाटली न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी. काळे धागे किंवा शेवाळासारखं काही तरंगलं तर टाकी उतरवायची, वाद नाही. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा पेटला नव्हता असं म्हणाल. त्या दिव्याच्या सेन्सरवर साय बसली की तोही गप्प राहतो.

तिसरी गोष्ट पारदर्शक पाइपाची. डिझेल सोसणारा पारदर्शक पाइप हातभर आणायचा आणि फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी तात्पुरता बसवायचा. पाण्याचा साधा पाइप नको, तो फुगून निसटतो. इंजिन चालू करून बघत बसायचं. जोडल्यावर पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच. नंतरही ते थांबले नाहीत, किंवा रेस वाढवल्यावर वाढले, तर हवा शिरतेय. मग एकेक जोड मागे मागे तपासत टाकीकडे जायचं. फिल्टरवरचा हातपंपही विसरू नका. त्याचा आतला पडदा फाटला की तिथूनही हवा ओढली जाते. बुडबुडे नाहीत, पण रेस दिल्यावर पाइप चपटा होतो असं दिसलं, तर हवा नाही, मागे चोंदलंय.

आणि आता जी चाचणी मी कुठल्याही पंपाला हात लावण्याआधी करायला लावतो ती. स्वच्छ कॅनमध्ये दहा लिटर ताजं डिझेल. टाकीकडून येणारी नळी काढून तिच्या जागी कॅनमधून नळी घ्यायची, फिल्टर नवीन बसवायचा, आणि रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत टाकीत नेणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडायची. रिटर्न विसरलात तर कॅनमधलं डिझेल टाकीत जाऊन बसेल आणि गाडी मध्येच बंद पडून तुम्ही पंपाला शिव्या द्याल. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर कॅनलाही तसाच बाहेरचा पंप जोडावा लागतो. ते मेकॅनिकवर सोडा. कॅन मागच्या हौद्यात घट्ट बांधा, केबिनमध्ये अजिबात नको, रिटर्नचं डिझेल गरम असतं. मग मेकॅनिकला बरोबर घेऊन जवळच्याच एखाद्या चढावर, थोडा लोड भरून, हळू न्या. कॅनवर गाडी नीट चढली तर पंप निर्दोष. टाकी ते फिल्टर एवढ्यातच चोर आहे. या चाचणीला गॅरेजवाला तयार नसेल तर गॅरेज बदला.

कोडबद्दल थोडं. त्याने दाखवलेला कोड बहुधा पी ००८७ असेल, म्हणजे रेलमधलं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. हा कोड खोटा नाही. पण प्रेशर कमी आहे एवढंच तो सांगतो, कोणामुळे ते सांगत नाही. पंपाला वरून डिझेलच आलं नाही तर तो दाबणार काय? म्हणून कोड पुसून टाकू देऊ नका आणि त्यावर समाधानही मानू नका. स्कॅनरवर दोन आकडे जिवंत दिसतात, इंजिनाच्या संगणकाने मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्षातलं. रिकाम्या रेसवर ते साधारण २५० ते ३५० बारच्या आसपास असतं, लोडवर गाडीप्रमाणे हजाराच्या वर जातं. गॅरेजच्या अंगणात हे दोन्ही आकडे हातात हात घालून चालतात. बिघाड चढावर आहे तर आकडेही चढावर बघायला हवेत. स्कॅनर लावूनच साखळी गावापासून पुढे जा, शेजारी बसलेल्याने रेकॉर्ड करावं. कुठल्या क्षणी मागणी वर गेली आणि प्रत्यक्ष खाली राहिलं, ते कागदावर येईल.

कॅनवरही रेंगाळली, तर मग पंपाच्या पुढच्या बाजूला जायचं, आणि तिथेही पहिला नंबर पंपाचा नाही. इंजेक्टरची रिटर्न चाचणी करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, ठरावीक वेळ इंजिन चालवायचं आणि पातळी बघायची. एक बाटली बाकीच्यांपेक्षा कितीतरी भरली तर तो इंजेक्टर रेलमधलं प्रेशर पळवतोय. एका इंजेक्टरसाठी अख्खा पंप बदललेल्या गाड्या कमी नाहीत. त्याचबरोबर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, जो पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवतो, तो वेगळा मिळतो आणि सायीने अडकतो. रेलच्या टोकाचा, जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह गळतो का तेही बघता येतं, त्याच्या रिटर्नमध्ये डिझेल यायला नको.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण जुन्या हातांना सवय असते. पूर्वीच्या पंप-नोझलच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करून मिसिंग शोधायचे. कॉमन रेलवर हे करायचं नाही, तुम्हीही नाही आणि तुमच्यासमोर कोणालाही करू देऊ नका. तुमच्या टायरात तीन-चार बार असतात, इथे शेकड्यांनी असतात. सुईच्या टोकाएवढी धार कातडीतून आत जाते, बाहेर फक्त बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि काही तासांत हात जायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसू नका, तडक बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा आणि डिझेल आत गेलंय असं सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, बोट नाही. इंजिन बंद केल्यावरही रेलमधलं प्रेशर उतरेपर्यंत थांबायचं.

आता अ‍ॅक्सिलेटर. तुमच्या पेडलला केबल नाही. पाय फक्त एक विनंती पाठवतो, किती डिझेल द्यायचं ते संगणक ठरवतो. पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात, बऱ्याच गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट. दोघांचा हिशोब जुळला तर विनंती मान्य. क्षणभर जरी जुळला नाही, तरी संगणक पाय खरा मानत नाही. दिवा लावतो, इंजिन ठरावीक रेसवर ठेवतो आणि तुम्हाला कडेला जाऊ देतो. चावी बंद-चालू केली की पुन्हा हिशोब मांडतो. तुमच्या गाडीत खड्ड्यात झालं ते हेच. ठिकऱ्या उडालेला सेन्सर असा परत सुधारत नाही. आदळण्यावर सुरू होणारा आणि चावीवर जाणारा बिघाड बहुतेक वेळा सैल पिन, कळंकलेला कपलर किंवा कुठेतरी घासून उघडी पडलेली वायर असतो. कोड वाचाल तर पी २१२२ किंवा पी २१३८ यांसारखा, पेडलच्या सेन्सरशी जोडलेला निघेल. रेल प्रेशरच्या कोडशी त्याचं काही नातं नाही. स्कॅनरवर पेडलची टक्केवारी लावा, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून पाय अगदी सावकाश दाबा. ० ते १०० आकडा सरळ चढला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर. सरळ चढला तर दुसऱ्या माणसाने वायरचा जुडगा हलवावा, पेडलपासून डॅशखालून संगणकापर्यंत. हलवताना आकडा लटपटला की जागा सापडली.

दोन गोष्टी इथे सहसा राहून जातात. एक, ब्रेकच्या पेडलवरचा छोटा स्विच. तो अडकला आणि ब्रेक दाबलाय असं सतत सांगत राहिला, तर बऱ्याच गाड्यांत संगणक अ‍ॅक्सिलेटरचं ऐकत नाही. मागचे ब्रेक लाइट पाय न लावता पेटलेत का, एवढं बघून कळतं. दुसरी, पेडलच्या सेन्सरला मिळणारे ५ व्होल्ट काही गाड्यांत इतर सेन्सरबरोबर वाटून घेतलेले असतात. दुसराच कुठला सेन्सर शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट कोसळतात आणि आरोप पेडलवर येतो. नवीन पेडल टाकून गाडी तशीच राहिली की मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला.

हे सगळं तुमच्याच गाडीत का, तर मासळी. मालीमहून निघताना क्रेट बर्फासकट भरलेले असतात. घाट चढेपर्यंत बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकत राहतं, आणि बऱ्याच पिकअपमध्ये त्याच्या खालीच टाकी, तिच्यावरचा कपलर, चेसिसवरून जाणारा वायरिंगचा जुडगा आणि अर्थिंगची पट्टी असते. नुसत्या पावसाच्या पाण्याने दहा वर्षांत होत नाही ते मिठाच्या पाण्याने एका मोसमात होतं. तांब्याला हिरवा कळंक चढतो, पत्र्याचे डिझेल पाइप क्लॅम्पखाली आतून कुजतात. वरचा रंग शाबूत असतो, क्लॅम्प काढला की पाइप बोटाने दाबतो. म्हणून ओढीच्या बाजूची चीर शोधताना क्लॅम्पखालचे भाग आधी बघायला सांगा. इंजिनाची आणि चेसिसची अर्थिंग पट्टी काढून, घासून, परत घट्ट बसवा. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पिना वाकल्यात का बघा. सगळीकडे ग्रीस चोपडू नका, त्यात मीठ आणि धूळ अडकून बसते.

हौद्यात खाली ट्रे आणि त्याच्या पाइपाला कॅन लावला तर गाडीचं आयुष्य वाढेल, शिवाय मागून येणारे दुचाकीवाले तुमच्या नावाने खडे फोडणार नाहीत. मासळीच्या पाण्यावर घाटातल्या वळणाला मोटरसायकल कशी सरकते ते तुम्हीही पाहिलं असेल. आणि बेळगावला मासळी उतरली की परत भाजी भरण्याआधी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. भाजीलाही ते बरं.

टाकी उतरवायची वेळ आली, आणि मला वाटतं येईल, तर ती डिझेलनेच धुवायची, पाण्याने नाही, आणि पूर्ण सुकवायची. गाळणी बदलायची. कोणी टाकीला वेल्डिंगचा टाका मारू म्हणाला तर टाकी घेऊन घरी या. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतली वाफ पेट घेते. नवीन फिल्टर बसवताना मेकॅनिक त्यात वरून डिझेल ओततो, हवा लवकर निघावी म्हणून. ओतलेलं डिझेल जर गाळलेल्या बाजूला पडलं तर कचरा कसल्याही अडथळ्याशिवाय थेट हाय प्रेशर पंपात जातो. हातपंप मारूनच भरू द्या, हात दुखले तरी चालतील.

आणि ते पेट्रोल. घाटातल्या चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगेलच की टाकीत दोन लिटर पेट्रोल ओत, सगळी घाण साफ होते. डिझेल हेच या पंपाचं वंगण आहे, त्याच्या आत वेगळं ऑइल फिरत नाही. पेट्रोलने किंवा रॉकेलने ते वंगण पातळ होतं आणि आज नसलेला पंपाचा बिघाड महिनाभरात खरा होतो. पाण्याचंही तेच. म्हणून बाटलीत पाणी दिसलं असेल तर टाकी साफ होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. चवथीचा धंदा जाईल हे मला कळतं. त्या दिवसांपुरती भाड्याची गाडी घेतली तर जाणारा पैसा पंपाच्या खर्चापुढे काहीच नाही.

पंप खरोखरच गेला असेल असं कधी मानायचं? जुना फिल्टर कापून उघडा, किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर बॅटरी मारा. चंदेरी चमचमता भुगा दिसला तर पंप आतून खाल्ला गेलाय. मात्र मग नुसता पंप बदलून भागत नाही. तो भुगा रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये गेलेला असतो, रिटर्नमधून टाकीतही. नवा पंप लावला आणि बाकी तसंच ठेवलं, तर इंजेक्टर लवकरच जातात आणि टाकीतला भुगा नव्या पंपाच्याही वाटेला येतो. अशा वेळी साठ हजारांत काम होणार नाही, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने इंजेक्टर तपासायचं, रेल आणि टाकी धुवायचं नाव काढलं नसेल, तर त्याने पंप उघडून पाहिलेलाच नाही असं समजायला हरकत नाही. पंप उतरवलाच तर पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट बेंचवर लावून त्याचा कागद मागा. बेळगावला तुम्ही जातच असता, तिथेही चौकशी करा. जुना पार्ट स्वतःकडे ठेवून घ्या.

क्रम असा धरा: उद्या सकाळी बाटली, घाटाला जाणं झालंच तर झाकण, रविवारी गॅरेजमध्ये पारदर्शक पाइप आणि कॅन, त्याच दिवशी अर्थिंग आणि पेडलचे कपलर. कॅनवरही चढाला मागणी हजाराची आणि प्रत्यक्ष पाच-सहाशेच दिसलं, चारही इंजेक्टरच्या बाटल्या सारख्या भरल्या आणि मीटरिंग व्हॉल्व्ह व रिलीफ व्हॉल्व्ह ठीक निघाले, तर मला आकडे लिहून पाठवा. मग पंपाचं बोलू.